मला वाढवू नका

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे, सायकलचाही नव्हे. मी लहान मुलांचं रक्त ओढतो. घाबरलात ना? घाबरा थोडं, माझ्या खोलीत न घाबरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्या मुलाचं हृदय दमून बसतं, त्याच्या मानेतल्या जाड नळीतून मी काळपट रक्त खेचतो, शेजारच्या डब्यात ते प्राणवायू पिऊन लाल होतं, आणि दुसऱ्या नळीने मी ते परत ढकलतो. तेवढ्यात हृदयाने विश्रांती घ्यायची, असा आमचा करार.

कारखान्यात माझी परीक्षा पाण्यावर झाली. पाणी गुणी असतं. त्याला आईबाप नसतात. इस्पितळात आल्यावर मला माणसं कळली. आल्या आल्या डॉक्टरांवर ओरडणारे संध्याकाळपर्यंत मऊ होतात. गप्प बसणाऱ्यांपासून सांभाळावं.

असाच एक गप्प बाप कोपऱ्यात बसला होता. दारातून कोणीतरी म्हणालं, "आता तो बंद करा." बोलणं दिव्याबद्दल होतं, बापाला वाटलं, माझ्याबद्दल. त्याने म्हणणाऱ्याला उचलून भिंतीवर आपटलं. दुसरी मूठ माझ्या काचेवर बसली. तो तडा अजून आहे.

त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी फर्मान काढलं, "या खोलीत ‘बंद’ म्हणायचं नाही. दुकान आपण वाढवतो, दिवा वाढवतो. पंपही वाढवायचा. कळलं?"

मला चालवणारे पंपवाले काका हसले. "बांगडीही वाढवतात सिस्टर, तेवढी राहिली."

पण शब्द रुळला. मला थांबवलं, की ‘वाढवला’ म्हणायचं. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं.

मग ठकी आली. घटकाभर एका जागी न बसणाऱ्या पोरीला बापाने चेष्टेने ते नाव ठेवलं होतं. आता ती खरोखरच लाकडी बाहुलीसारखी पडून होती. तापाने तिचं हृदय सुजलं होतं. मी रक्त ढकलत होतो, पण माझ्या जोरापुढे तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूला दार उघडवेना. आत रक्त तुंबलं, मागे फुप्फुसांत शिरलं, आणि श्वासाच्या नळीतून गुलाबी फेस येऊ लागला.

इलाज एकच होता. खालच्या मजल्यावर एक्स-रेखाली हृदयात तार घालतात, तिथे तिला माझ्यासकट न्यायचं. मांडीच्या शिरेतून सुई हृदयापर्यंत चढवायची, वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा भोसकायचा आणि फुग्याने भोक रुंद करायचं. म्हणजे तुंबलेलं रक्त माझ्याकडे वळेल.

"तिच्या हृदयाला भोक पाडणार?" आईने विचारलं.

"हो ताई," तारवाले डॉक्टर म्हणाले. "नाही पाडलं, तर ती स्वतःच्याच रक्तात बुडेल."

काकांबरोबर मोठ्या सिस्टरही खाली यायला निघाल्या. निघताना एक गोष्ट ठरली. तार बदलताना हवा शिरली तर मी ती शोषून घेईन. म्हणून डॉक्टरांनी सांगताच काकांनी मला क्षणभर थांबवायचं. आमच्या खोलीचा गोड शब्द मात्र खालच्या मजल्यावर कोणाला ठाऊक नव्हता.

सुईने पडदा भोसकला. ठकीचं प्रेशर घसरलं. स्क्रीनवरची नजर न काढता डॉक्टर ओरडले, "पंप वाढवा!"

त्यांना वेग हवा होता. काकांनी ऐकलं ते आमच्या खोलीतलं. त्यांनी नळीवर चिमटा कचकन आवळला आणि मला शून्यावर आणलं.

"वाढवा म्हटलं ना!"

"वाढवलाय!"

"मग प्रेशर कुठाय? अजून वाढवा!"

"अहो, पूर्ण वाढवलाय! अजून काय वाढवू?"

मित्रांनो, मला बोलता येत नाही, फक्त किंचाळता येतं. मी किंचाळत होतो, पण तिथे सगळीच यंत्रं किंचाळत होती. ठकीचे ओठ शाईसारखे झाले. हृदयाची रेघ थरथरली आणि आडवी पडली. मोठ्या सिस्टर तिच्या छातीवर तुटून पडल्या. दर दाबासरशी ते एवढंसं अंग टेबलावर उडत होतं. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. दाबता दाबता त्यांची नजर चिमट्यावर गेली.

"बंद!" स्वतःचंच फर्मान मोडून त्या ओरडल्या. "अहो, बंद केलाय त्यांनी! बंद आहे तो!"

काका पांढरेफटक पडले. त्यांनी मला वेग दिला, चिमटा उपटला. रक्त असं उसळलं, की नळी चेपलेल्या सापासारखी वळवळली. डॉक्टरांनी फुगा फुगवून हिसका दिला. पडदा टरकन फाटला, आणि आत तुंबलेलं रक्त वाट मिळताच माझ्याकडे धावलं. रेघेने एक उडी मारली. मग दुसरी.

बाहेर काकांनी ठकीच्या बापाला सगळं स्वतःच सांगितलं. बापाने त्यांची कॉलर धरली आणि ठोसा नाकावर हाणला. रक्त सदऱ्यावर सांडलं. काकांनी हात उचलला नाही.

आई मध्ये घुसली. "सोडा हो त्यांना! त्याच हातांनी परत चालूही केलाय!"

बापाने दुसरा ठोसा भिंतीवर मारला आणि तिथेच खाली बसला.

पुढे फेस ओसरला. ठकीचं हृदय रोज थोडं अधिक जोराने आपटू लागलं. मला काढायचा दिवस आला, तेव्हा काका नाकावरच्या पट्टीसकट माझ्याजवळ उभे राहिले आणि बापाकडे वळले.

"तो शब्द म्हणू?"

"म्हणा," बाप म्हणाला. "चांगला मोठ्याने म्हणा."

"पंप बंद!"

मी थांबलो. रेघ थांबली नाही. त्या खोलीत तो शब्द ऐकून पहिल्यांदाच कोणी कोणाला मारलं नाही.

आता मी शिकाऊ लोकांच्या खोलीत आहे. पुन्हा पाण्यावर चालतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, माझ्या नळ्या तपासा. पण शब्दही तेवढेच स्वच्छ ठेवा. गोड बोलायचं तर रडणाऱ्या आईशी बोला, मी यंत्र आहे. वेग हवा तर वेग म्हणा. थांबवायचं तर बंद म्हणा. आणि उद्या मला भंगारात काढाल, तेव्हाही माझी भीड धरू नका. ‘वाढवला’ म्हणू नका. कोणीतरी खरंच वेग वाढवेल, आणि मी बिचारा पुन्हा धावत सुटेन.