सुनेचं रक्त

टक्! चुलीजवळच्या पिंपात वितळत ठेवलेला तळ्यातला बर्फ तडकला आणि तुयारा दचकून जागी झाली. भरदुपारी बसल्या बसल्याच डोळा लागला होता. चूल विझत आलेली. पाच वर्षांची नार्याना कोट घालून, मुकाट चित्र काढत बसली होती.

तेवढ्यात दार उघडून सासूबाई वाफेच्या लोटासकट आत आल्या. त्यांनी आधी चूल पाहिली, मग नात.

"पुन्हा विझवलीस?"

"आई, गारठून गेले हो मी. हातपाय उचलत नाहीत."

"बाहेर उणे पन्नास आहे! कोण गारठलं नाही? गाईसुद्धा गारठल्यात, पण दूध देतात बिचाऱ्या. पोरीला मी नेते. बर्फ वितळेपर्यंत राहू दे माझ्याकडे तालुक्याला."

तुयारानं लेकीला जवळ ओढलं. थायरॉइडची गोळी तिनं एक दिवस चुकवली नव्हती. पण तो डोस ठरला होता जुलैत, रात्रीही उजेड असतो तेव्हा. कडाक्याच्या थंडीत तोच डोस कुणाकुणाला अपुरा पडतो, असं गावातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, ते वाटेतच गाडीत गोठलं. आज सकाळी पुन्हा नळी भरून दिली होती. गोठू नये म्हणून अंगाशी धरलेली ती नळी तुयारानं ब्लाउजमधून काढून दाखवली.

सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे. आळस की आजार, ते कागदच सांगेल. आळस निघाला तर पोर माझी." तीन कोटांची बटणं सोडून त्यांनी नळी थेट अंगाशी खोचली.

अंगणात त्या छातीवर हात दाबून गाडीत चढल्या, तेव्हा ड्रायव्हर हसला, "आजी, कुणाचं प्रेमपत्र लपवलंत?"

"सुनेचं रक्त आहे, मेल्या! चल, हाक लवकर!"

ते पाच दिवस तुयारानं नार्यानाचे बूट दाराशी ठेवले नाहीत, पलंगाखाली लपवले.

सहाव्या दिवशी सासूबाई परतल्या. हातात कागद, गोळ्यांची नवी डबी आणि स्वतःच्या कपड्यांचं बोचकं. कुणाकडे न पाहता त्या चुलीपाशी बसल्या, लाकडं सारली.

"आळस नाही निघाला," त्या चुलीलाच सांगावं तशा म्हणाल्या. "डोस वाढवलाय. गुण यायला दीड महिना लागेल म्हणे. तोवर मीच राहते इथे. पोर कुठे जात नाही."

तुयाराला रडू आवरेना. नार्याना तिच्या मांडीवर चढली, कागद उलटासुलटा करून पाहू लागली.

"आई, तू तर रोज सांगत होतीस थंडी वाजते म्हणून. मग कागद कशाला लागला?"