चौथ्या टाकीची बाटली

“झाकण लावण्याआधी वास घ्यायचा. कागदावर काय लिहिलंय ते नंतर.”

बाबा असं म्हणाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि कंपनी म्हणजे एक जुना टँकर, एक नरसाळं आणि स्वतः बाबा. घरोघरी रॉकेल पोचवायचं, डबा भरला की त्यावर वाकायचं, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि मग झाकण फिरवायचं. लेकीच्या नाकाला उपजतच धार आहे हे बाबांनी ओळखलं, आणि डब्यावर वाकायचं काम तिच्याकडे आलं.

एकाचे चार टँकर झाले. मग बंदराजवळ टाक्या आल्या. मग धाकट्या भावाने सूत्रं हातात घेतली आणि बघता बघता कंपनीने समुद्र ओलांडला. डिझेल, जहाजांचं इंधन, कोळसा, गंधक, खत. सात देशांत कचेऱ्या. वरच्या मजल्यावर भिंतभर पडदे आणि त्यांवर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक जहाज. ज्या मालाला इथल्या कुणी हातही लावलेला नाही, तो वाटेतच दोनदा विकला जायचा. सहा फुटी भाऊ चार खंडांतल्या लोकांशी फोनवर बोलायचा. घरात मात्र तो अजून टिल्लूच होता.

तळमजल्याच्या टोकाला नमुन्यांची खोली होती. तिथे बाबांची ती लेक, आता सगळ्यांच्या ताई, बसायच्या. प्रत्येक जहाजाच्या प्रत्येक टाकीतली एक बाटली सीलबंद होऊन तिथे यायची, ताई ती उघडायच्या, वास घ्यायच्या आणि वहीत एका रकान्यात लिहायच्या. त्यांचा नेम कडक होता. वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही, पहिली बाटली होईपर्यंत चहा नाही. बाटलीपुढे क्षणभर हात जोडायच्या. नवीन पोरं हसायची. “ताईंच्या नाकाचा विमा उतरवला पाहिजे,” म्हणायची. पण माल अडला की हीच पोरं धावत खाली यायची.

त्या दिवशी सकाळी कचेरीत शिरताच ताईंना फिनेलचा वास आला. फरशी नुकतीच पुसली होती. नेहमीचाच वास, पण त्यांचे पाय जागीच थबकले. म्हणजे सर्दी गेली होती. तीन आठवडे काहीच कळत नव्हतं, आणि आज नाक उघडलं होतं.

त्याच क्षणी आठवलं. या तीन आठवड्यांत खायच्या तेलाच्या पाच बाटल्या येऊन गेल्या होत्या.

कंपनीने यंदा पहिल्यांदाच खायच्या तेलात पाऊल टाकलं होतं. पहिलं जहाज, पहिलं गिऱ्हाईक. शहराबाहेरचा बिस्किटांचा मोठा कारखाना. तिकडच्या बंदरात माल भरला गेला, पाच टाक्यांचे नमुने विमानाने आले आणि होकार मिळेपर्यंत जहाज तिथेच थांबून राहिलं. वरून दर अर्ध्या तासाला फोन. “ताई, झालं का?” ताईंनी पाची बाटल्या उघडल्या, नाकापाशी नेल्या. नाक दगडासारखं बंद होतं.

“ताई, सर्दी झालीये का?” शेजारच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्ट मुलीने विचारलं होतं.

“धूळ गेली असेल,” ताई म्हणाल्या होत्या.

आणि पाचही ओळींत लिहिलं होतं, वास : नाही.

तेव्हा त्यांनी मनाला समजावलं होतं, प्रयोगशाळा आहेच की. टाक्या आतून बघून पास करणारा माणूसही आहे. खरी गोष्ट एवढीच होती की ‘आज मला जमत नाही’ हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. इतक्या वर्षांत ती वेळच आली नव्हती.

ताईंनी कपाट उघडलं. पाचही बाटल्या ओळीने मांडल्या. हात जोडले, पण आज मनात काही आलंच नाही. पहिली स्वच्छ. दुसरी, तिसरी स्वच्छ. चौथीचं झाकण काढलं. तेलाचा गोडसर, दाण्यासारखा वास आला. त्या थांबल्या. त्याच्या मागून, अगदी लांबून, दुसरं काहीतरी आलं. बारीक. ओळखीचं.

बाबांच्या सदऱ्याचा वास.

त्यांनी फाइल काढली. चौथ्या टाकीत याआधी काय काय भरलं होतं त्याची यादी तिच्यात होती. जहाज भाड्याचं; शेवटच्या दोन खेपा दुसऱ्यांच्या खायच्या तेलाच्या. त्याआधीची इंधनाची. टाकी धुतली होती, वाफ दिली होती, कागद चोख होते. पण टाकीच्या आतल्या रंगाच्या थरात मुरलेलं इंधन कधीकधी फार उशिरा सुटतं, हे या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

“जरा इकडे ये गं.”

केमिस्ट आली. तिने वास घेतला, पुन्हा घेतला. “मला तर... नाही ताई. थांबा हं. नाही, मला नाही सांगता येत.”

“तपासून कळेल?”

“कळेल ना, पण ती तपासणी आपल्याकडे होत नाही. बाहेर पाठवावं लागेल. परवा दुपारपर्यंत.” मुलगी घुटमळली. “ताई, जहाज तर आज लागतंय.”

ताईंना ते ठाऊक होतं. दुपारी बारा वाजता धक्क्याला, चार वाजता पंप सुरू. उद्या सकाळपर्यंत चौथ्या टाकीतलं तेल बाकीच्यांत आणि ते सगळं कारखान्याच्या टाकीत मिसळलेलं असेल. मग कुठल्या टाकीतलं कुठलं, कुणाला कळणार? परवापर्यंत बिस्किटं पुड्यांत बसलेली असतील.

बाटली पदराआड धरून त्या वर गेल्या.

टिल्लू खिडकीपाशी उभा होता. त्याच्या अंगाला उंची अत्तराचा घमघमाट होता. सगळं ऐकून त्याने बाटली नाकाशी नेली आणि परत केली. “काही नाहीये यात.”

“तुला अत्तराशिवाय कसला वास येणार?”

“ताई, प्लीज. प्रयोगशाळेने पास केलंय, टाकी बघणाऱ्याने पास केलंय, तू स्वतः सही केलीयेस.”

“मला सर्दी होती रे.”

तो वळला. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “हे कुणाकुणाला माहितीये?”

“मला.”

“मग तुझ्यापाशीच राहू दे. दोन दिवसांची तर गोष्ट आहे. रिपोर्ट वाईट आलाच तर बघू. त्यांच्याशी वर्षाचा करार व्हायचाय, ताई. पहिल्याच जहाजाला आपण म्हणायचं, थांबा हो, आमच्या ताईंना कसलासा वास येतोय? नाक कापलं जाईल आपलं!”

“माझंच जाईल. वहीत सही माझी आहे.”

“आणि तुझा भास असला तर?”

रात्रंदिवस कोंडलेलं नाक आज कुठे सुटलं होतं. बाबांचा सदरा आठवायला त्याला कितीसं निमित्त लागतं?

“भास असला तर तू मला घरी बसव,” त्या हळूच म्हणाल्या. “पण खरं असलं तर ते पोरांच्या पोटात जाईल, टिल्लू.”

“बाबा असते ना, तर त्यांनी आधी करार सांभाळला असता.”

“बाबांनी काय केलं होतं ते तुला कसं आठवेल? तू माझ्या कडेवर होतास.”

तिला आठवत होतं. रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलेला माल डेपोतूनच आला होता. बाबांना ताप होता, ती शाळेत होती, वास न घेताच डबे भरले गेले. दुसऱ्या दिवशी एका घरी दिवा भडकला. बाबा तापातच उठले, तिला बरोबर घेतलं आणि चाळीसएक दारं वाजवली. प्रत्येक दारात एकच वाक्य. “माल खराब आहे, चूक माझी आहे, डबा परत द्या.” कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. शेवटच्या दारात हाताला पट्टी बांधलेली बाई उभी होती. तिच्यापुढे बाबांना ते वाक्य धड बोलताही आलं नाही. परतताना ते म्हणाले, “चूक आपली असली की आपणच जायचं. माणूस पाठवायचा नाही, चिठ्ठी पाठवायची नाही. जाशील ना?”

“जाईन,” ती म्हणाली होती.

“मी पंप थांबवू शकत नाही,” टिल्लू म्हणाला. आवाज आता साहेबाचा नव्हता. “मी तसा शब्द दिलाय त्यांना.”

“तू नको थांबवूस. ज्यांचं तेल आहे ते थांबवतील.”

तो काहीतरी बोलणार होता. टेबलावरचा फोन वाजू लागला. त्याने फोनकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. फोन वाजतच राहिला.

खाली येऊन ताईंनी वही उघडली. चौथ्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : “त्या दिवशी सर्दी होती. वास घेतला नाही. आज घेतला. आहे.” खाली तारीख, वेळ, सही. केमिस्ट दारात उभी राहून बघत होती. अर्धी बाटली तिने तपासणीला काढून घेतली, उरलेली पुन्हा सीलबंद करून ताईंच्या हातात दिली.

फाटकाशी ड्रायव्हरकाका गाडी पुसत होते. बाबांचा तो जुना टँकर त्यांनीच चालवलेला. दहा वाजून गेले होते.

“कुठे, ताई?”

“बिस्किटांच्या कारखान्यात.”

“फोन केलात का त्यांना?”

“नाही. समोर उभं राहूनच सांगायचंय.”

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. त्यांची नजर बाटलीवर गेली, मग ताईंच्या चेहऱ्यावर. त्यांनी मागचं दार उघडून धरलं.

ताई आत बसल्या. बाटली मांडीवर ठेवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. नेहमीच्या प्रार्थनेच्या जागी आज एकच वाक्य होतं, आणि दारात उभं राहिल्यावर ते अडू नये म्हणून त्या ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. माल खराब आहे. चूक माझी आहे.