खेळाची शिकवणी

शाळेतल्या शिष्यवृत्तीपासून आजवर उन्मेष कुठल्याही परीक्षेला तयारीशिवाय बसला नव्हता. आपली लेक तशी बसेल, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. कॅल्गरीतल्या एका नावाजलेल्या खासगी शाळेत गौरांगीला किंडरगार्टनला घालायचंच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तिथे जागा मोजक्या, आणि प्रवेशाला ना आकडे विचारत, ना अक्षरं. मुलांना खेळण्यांत मोकळं सोडायचं आणि शिक्षिकांनी नुसतं बघायचं. बोलणं, धीर धरणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, हे सगळं मूल खेळतानाच शिकतं, असं शाळेचं म्हणणं होतं.

दुसरा कुणी हे ऐकून निवांत झाला असता. उन्मेषच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. आकडे असते तर पाढे घोकून घेता आले असते. खेळाचा अभ्यासक्रम आणायचा कुठून?

पण गडी इंजिनिअर पडला, तेही तेल कंपनीतला. त्यानं कंबर कसली आणि बेसमेंटमध्ये रोज जेवणाआधी ‘फ्री प्ले’चा तास सुरू केला. ठोकळ्यांचा मनोरा पडला की आधी थोडं वाईट वाटून घ्यायचं, मग हसत पुन्हा उभारायचा. बाहुलीला चहा पाजताना चेहऱ्यावर काळजी दिसली पाहिजे. खेळणं शेअर करायचं, पण लगेच नाही. लगेच दिलं तर पोरीला स्वतःचं मतच नाही असं वाटेल. असे त्याचे एकेक नियम.

“अरे, तिला नुसतं खेळू दे ना,” त्याची बायको अनुया जिन्यावरून म्हणाली.

“नुसतं खेळून कुणाला अ‍ॅडमिशन मिळालीय? प्रतापचा आरव गेल्या वर्षी रिजेक्ट झाला. का, तर तो म्हणे कोपऱ्यात बसून एकच ट्रक फिरवत होता. व्हरायटी नको?”

अनुयानं कपाळावर हात मारला आणि वर निघून गेली. तिचंही मन कुठेतरी त्या शाळेतच अडकलं होतं, हेही खरंच.

एका रविवारी नव्या डिशवॉशरचा खोका आला. गौरांगी त्यात शिरून बस चालवू लागली. स्टॉप घेई, खेळण्यातल्या सशाला तिकीट देई, बर्फात बस अडकली की खाली उतरून तिला ढकली. दुपारी जेवायलाही येईना. उन्मेष दोनदा येऊन बघून गेला आणि कासावीस झाला. सगळी संध्याकाळ वाया! शेवटी त्यानं खोका चपटा करून रिसायकलिंगमध्ये टाकला आणि रडणाऱ्या पोरीला हाताला धरून तासाला बसवलं.

“रडायचं नाही गौरू. प्लेटाइम आहे ना? हसून खेळ. हं, पुन्हा.”

मुलाखतीच्या दिवशी आईवडिलांना भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. बाकीची पोरं खेळण्यांवर तुटून पडली. गौरांगी मधोमध उभीच. उन्मेषनं हातांनी ठोकळ्यांच्या खुणा केल्या, अनुयानं त्याचा हात खाली दाबला. मग गौरांगीनं एक अस्वल उचललं, समोर बसवलं, त्याच्यापुढे ठोकळे मांडले आणि बोट नाचवत म्हणाली, “नाही, नाही. रडायचं नाही. प्लेटाइम आहे ना? हसून खेळ. हं, पुन्हा.”

तिनं ठोकळे पाडले, अस्वलाला वाईट वाटायला लावलं, मग त्याचं डोकं धरून त्याला हसवलं. पुन्हा पाडले. जेवणाआधी रोज चालायचं तसंच, आवाजाच्या चढउतारासकट. अनुया मान खाली घालून बसली. उन्मेषला वाटलं, उठून ते अस्वल तिच्या हातातून काढून घ्यावं.

एक शिक्षिका तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. “व्हॉट आर यू टू डूइंग, स्वीटी?”

“प्लेइंग,” गौरांगी म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा तिचा चेहरा.

निघताना शिक्षिकांनी दोघांना थांबवून घेतलं. त्या अगदी भारावल्या होत्या. “सच इमॅजिनेशन! एवढं बारकाव्यांसकट पात्र उभं करणारं मूल आम्ही फार कमी बघतो. वी वुड लव्ह टु हॅव हर.”

उन्मेष थँक्यू म्हणाला. हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खेळात कल्पनेचा कणही नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पार्किंगमध्ये रात्रीचा ताजा बर्फ पडून होता, अजून कुणी न तुडवलेला. उन्मेषनं गाडीची किल्ली खिशात टाकली आणि लेकीसमोर उकिडवा बसला.

“गौरू, खेळायचं का बर्फात? तुला हवं तसं. मी काही सांगणार नाही.”

गौरांगीचा चेहरा उतरला. तिनं आईचा हात घट्ट धरला.

“बट द इंटरव्ह्यू इज ओव्हर, बाबा,” ती म्हणाली. “डू आय स्टिल हॅव टु प्ले?”