पूर्ण तीन मिनिटं

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, ओळख होऊन पाव तासही झाला नसताना, तिने समोर बसलेल्या माणसाला तोंड उघडायला सांगितलं.

"काय?"

"वरचे पुढचे चार दाखवा. ते दात माझे आहेत."

"माझ्या तोंडात आहेत, म्हणजे माझेच," तो म्हणाला. पण तोंड उघडलं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि दोन-चार दातांच्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटा बनवायची. एकोणीस वर्षं. डॉक्टरकडून माप यायचं, त्यावर नंबर असायचा. माणूस कधी दिसायचा नाही. तिचं वय त्रेचाळीस. घरी मोठा भाऊ आणि अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली आई. समोरचा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको जाऊन त्याला तीन वर्षं झाली होती. लग्नासाठीची ही भेट तिच्या मावसबहिणीने ठरवली होती, कॅफेही तिनेच निवडला होता. दादाचं म्हणणं एवढंच होतं: "सहाच्या आत घरी ये. आईचं मला जमत नाही."

सगळे दात रांगेत सरळ बसवले की खोटे दिसतात. म्हणून ती डावीकडचा दुसरा दात किंचित वळवत असे. लॅबमध्ये दुसरं कुणी असं करत नव्हतं.

"चारशे बारा नंबर," ती म्हणाली. "तीन वेळा परत पाठवलीत तुम्ही ही प्लेट. तीन वेळा!"

शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

"बसत नव्हती तर काय शोकेसमध्ये ठेवू?"

"डॉक्टर म्हणाले, पेशंट किरकिऱ्या आहे."

"मला म्हणाले, लॅबवाल्या बाईंच्या हाताला वळण नाही."

तिने कप खाली ठेवला, जरा जोरातच.

"तिन्ही वेळा चिठ्ठी लावली होती मी. माप चुकलंय, पुन्हा घ्या."

"पुन्हा कुठलं? एकदाच घेतलं. मापाचा ट्रे माझ्या तोंडात आणि डॉक्टरांना आला फोन. बोलता बोलता मध्येच उपसून काढला. वर म्हणाले, झालं, चूळ भरा."

"मध्येच?"

मापाचा लगदा घट्ट व्हायला पूर्ण तीन मिनिटं लागतात. त्याआधी ट्रे काढला की कडा ओढल्या जातात, आणि तसल्या मापावर केलेली प्लेट जन्मात बसत नाही. दोन वर्षं ती एका न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत आली होती.

"मेल्याने..." ती म्हणाली आणि थांबली.

"थांबू नका. दोन वर्षं मी एकटाच म्हणतोय."

पुढची वीस मिनिटं दोघांनी मिळून डॉक्टरची सालटी काढली. मग तिने कप बाजूला सारला.

"शेवटच्या वेळी मी चिडून साचाच चाकूने खरवडला," ती म्हणाली. "बसत नाही म्हणजे काय, बसवतेच म्हटलं. असं करायचं नसतं. तेवढी चूक माझी."

त्याने कपाचा कान फिरवला. "मीही घासली होती. लिफ्टच्या कानशीने."

"कानशीने?"

"बारीक होती हो."

ती हसली. तोही हसला, आणि प्लेट सुटून बशीत पडली. त्याने तोंडावर हात धरला.

"लोक म्हणतात, बायको गेल्यापासून हा हसत नाही," तो हाताआडून म्हणाला. "अर्धं कारण बशीत आहे."

तिने तळहात पुढे केला. "द्या इकडे."

साडेपाचला ते लॅबमध्ये होते. शनिवारी लॅब दुपारीच बंद व्हायची. किल्ली तिच्याकडे असे. माप घेणं डॉक्टरचं काम. तिने आजवर कुणाच्या तोंडात हात घातला नव्हता. तिने हातमोजे चढवले, लगदा कालवला, ट्रे बसवला, दोन बोटांनी दाबून धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.

सहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. दादा. लिफ्टवाल्याने भुवयांनी फोनकडे खूण केली.

"हलू नका. वाजू दे."

थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. ट्रे हलला नाही. तीन मिनिटं पुरी झाल्यावर तिने तो एका झटक्यात काढला आणि उजेडात धरला. कडा स्वच्छ होत्या.

"पुढच्या शनिवारी पाचला," ती म्हणाली. "बसवून बघायला."

"आणि बसली तर?"

"मग हसवून बघावं लागेल."

मापात प्लास्टर ओतून, साचा वाळेपर्यंत त्याच्याकडून लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे किस्से ऐकून ती घरी पोहोचली तेव्हा सव्वासात झाले होते. दादा दारातच होता. बाह्या वर सारलेल्या, हात ओले.

"तीन तास! दोनदा चादर बदलली मी. दोनदा! एकट्याने! फोन उचलायला काय हात मोडले होते?"

"हात कामात होते."

"कसल्या कामात? आईपेक्षा मोठं?"

"तीन तास, दादा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पर्सचा पट्टा तिने मुठीत आवळला होता. "मी अकरा वर्षं करतेय. कधी फोन केला तुला?"

दादाने ओले हात पँटला पुसले.

"पुढच्या शनिवारी पाचला जायचंय मला. परत किती वाजता येईन, सांगणार नाही."

"बघू."

"बघू नको. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

दादा आत गेला. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

पर्समधून आणलेला साचा तिने आईच्या पलंगाजवळच्या खिडकीत ठेवला.

"कुणाचे गं?" आईने विचारलं.

"लिफ्टवाल्यांचे."

"पुढचे चार नाहीत."

"करतेय."

आठवडाभर ती काम सुटल्यावर तासभर लॅबमध्ये थांबली. शुक्रवारी संध्याकाळी प्लेट पॉलिश होऊन तयार झाली. डावीकडचा दुसरा दात किंचित वळवलेला होता. दादाने तोवर हो म्हटलेलं नव्हतं. नाहीही म्हटलेलं नव्हतं.