एका डोळ्याची लाकूडफोड

रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन मला न्यायला येणार होता, आणि तो टेम्पो रिकामाच परत पाठवायचा हे मी सोमवारीच ठरवून टाकलं होतं.

त्यानं मला विचारलं नव्हतं. फोनवर सांगितलं. "ताई, रविवारी येतोय. कपडे, भांडी, अंथरूण एवढंच घे. कपाट नंतर बघू. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय." मी 'बरं' म्हणाले. मी 'बरं' म्हणते तेव्हा मला काहीही बरं वाटलेलं नसतं, हे बासष्ट वर्षांत त्याला कळलेलं नाही.

कारण होतं लाकूड. बर्फ पडणाऱ्या या डोंगराळ गावात माझ्या दोन खोल्या एका लोखंडी शेगडीवर उबदार राहतात. थंडीचे चार महिने ती पेटती ठेवायची तर अंगणात फोडलेल्या लाकडांची रास हवी. दर वर्षी थंडीच्या आधी भाऊ दोन दिवस मुक्कामाला यायचा आणि सगळे ओंडके फोडून पत्र्याच्या छपराखाली रचून जायचा. यंदा त्याच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही असं बजावलं. लाकूडवाला ओंडके टाकून जातो, फोडून देत नाही. गल्लीतले बाकीचे लोक हीटरवर गेले, त्यामुळे पैसे देऊनही फोडणारा मिळत नाही. भावानं हिशेब सोपा केला: लाकूड नाही, तर शेगडी नाही, शेगडी नाही, तर ताई इथे राहणार नाही.

मी स्वतः लाकूड फोडावं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. येणार कसं? मला डावा डोळा नाही. तो एकोणिसाव्या वर्षी गेला, लाकडाची ढलपी लागून. कुऱ्हाड भावाच्या हातात होती, तो तेव्हा सतरा वर्षांचा. आमच्या घरात ही गोष्ट सांगायची एक पद्धत पडून गेली आहे. पाहुणा आला, माझ्याकडे बघून चुळबुळ करायला लागला, की कोणीतरी हळू आवाजात म्हणायचं, "हा लाकूड फोडत होता, ही मध्ये आली." मध्ये आली. रस्त्यात गाय येते तशी. आई तेच सांगायची, काका तेच सांगायचे, भावाचं लग्न झाल्यावर भावजयही तेच सांगायला लागली. मी कधी कुणाचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून मी कुऱ्हाडीला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. मी बाइंडिंगच्या कारखान्यात छत्तीस वर्षं पुठ्ठा कापायचं मोठं मशीन चालवलं. त्याचं पातं माझ्या हाताएवढं लांब होतं. माझ्या दोन डोळ्यांच्या सहकाऱ्यांपैकी तिघांची बोटं गेली, माझी दहाही जागेवर आहेत. पण घरात मी कुऱ्हाडीचं नाव काढलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

तर यंदा, भावाचा मणका सरकल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, मी कुऱ्हाड बाहेर काढली. पहिल्या दिवशी चार घाव घातले. दोन हवेत गेले. एक खालच्या ठोकळ्यात रुतला. चौथा ओंडक्याच्या कडेवरून घसरून माझ्या बुटापासून चार बोटांवर जमिनीत गेला. मी पायरीवर बसले आणि आधी कुऱ्हाडीला, मग भावाला, मग त्याच्या मणक्याला मनसोक्त शिव्या दिल्या. घाबरले होते मी, उगाच खोटं कशाला सांगू.

एका डोळ्याला वस्तू कुठे आहे हे दिसतं, किती लांब आहे हे नीट कळत नाही. चहा ओततानाही मी किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते, मगच ओतते; नाहीतर चहा टेबलावर. पायरीवर बसल्या बसल्या मला माझाच राग आला. रोज दोन वेळा जे करते ते कुऱ्हाडीशी करायला काय झालं होतं? नेम धरायचाच कशाला? टेकवायचं.

मग महिनाभरात मी माझी पद्धत बसवली. ठोकळ्यावर जुना टायर ठेवायचा आणि त्यात ओंडका उभा करायचा, म्हणजे फुटल्यावर तुकडे उडत नाहीत. कुऱ्हाडीची धार ओंडक्यावर टेकवायची, हातानं चाचपून, भेगेवर. लाकडी मोगरीनं कुऱ्हाडीच्या पाठीवर दोन हलके ठोके द्यायचे, म्हणजे धार लाकडात रुतते. रुतली की मोगरी बाजूला टाकायची, दोन्ही हातांनी दांडा धरायचा, आणि कुऱ्हाड न् ओंडका दोन्ही एकदम उचलून ठोकळ्यावर आपटायचे. नेमाचा प्रश्नच नाही. धार आधीच लाकडात असते, ती चुकणार कुठे? ओंडका हलका हवा एवढीच अट, आणि लाकूडवाल्याला मी वीतभर लांबीचेच तुकडे करून आणायला सांगितलं होतं.

थंडी वाढली तसं आणखी शिकले. गोठलेलं लाकूड ओल्यापेक्षा पटकन फुटतं, पण गोठलेलं पोलाद दगा देतं. बाहेर राहिलेल्या कुऱ्हाडीची धार गाठीवर बसली की टवका उडतो, आणि उडालेला टवका कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून माझी कुऱ्हाड रात्री घरात, शेगडीपासून दोन हातांवर. उभं राहायच्या जागेवरचा बर्फ खरवडायचा आणि तिथे शेगडीतली राख पसरायची. लोकरीचे हातमोजे घालायचे नाहीत, दांडा त्यातून सटकतो. शालीचं टोक लोंबू द्यायचं नाही. आणि उरलेल्या डोळ्यावर कारखान्यातला जाड चष्मा, कारण माझ्याकडे आता जादाचा डोळा शिल्लक नाही.

रविवारी नऊ वाजता टेम्पो फाटकाशी थांबला. भाऊ एका हातानं कंबर धरून उतरला, मागून भावजय. चालक आतच बसून राहिला.

"ताई, सामान कुठंय?"

"आहे तिथेच. आधी अंगणात चल. खुर्च्या मांडल्यात."

"हे काय आता?"

"बस तर खरं."

मी खुर्च्या ठोकळ्यापासून चांगल्या दहा पावलांवर मांडल्या होत्या. भावजय बसली. भाऊ उभाच राहिला. मी घरातून कुऱ्हाड घेऊन आले तसा त्याचा चेहरा उतरला.

"ताई, ती खाली ठेव."

"काल रात्री घरात ठेवली होती. हात लावून बघ, गार नाही."

"आता कुऱ्हाडीलाही पांघरूण घालतेस का?"

"तू कधी घातलं नाहीस म्हणून तुझ्या कुऱ्हाडीचे तीन टवके उडालेत."

भावजय हसली. मी चष्मा लावला, राखेवर पाय रोवले, पहिला ओंडका टायरमध्ये उभा केला. धार टेकवली. दोन ठोके. उचललं, आपटलं. ओंडका मधोमध फुटला आणि दोन्ही अर्धुकं टायरला टेकून उभी राहिली. मी भावाकडे बघितलं, तर तो डोळे गच्च मिटून उभा. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. सहा झाले, आठ झाले. अंगातून वाफा निघत होत्या. मला फार आनंद होत होता, हे सांगून टाकते.

"वन्सं, तुम्हाला हे शिकवलं कुणी?" भावजयीनं विचारलं.

"माझ्या किटलीनं."

भाऊ मात्र फुरंगटला होता. "हे काय फोडणं झालं? एकेका तुकड्याला पाच पाच मिनिटं. मी एवढ्या वेळात रास पाडली असती."

"तुला घाई असते. मी रिटायर झालेय."

नववा ओंडका बुडाशी तिरका कापलेला होता, वर मोठी गाठ. टायरमध्ये घातला तरी तो कलंडत होता. मी तो उचलून बाजूला ठेवला. असे ओंडके मी फोडत नाही. ते रात्रभराच्या विस्तवाला अख्खेच चालतात.

"बघितलंस?" भाऊ म्हणाला. जणू काही तो याचीच वाट बघत होता. "एक वाकडा ओंडका आला की तुझं घोडं अडलं. थंडी अशी ओंडके निवडू देते होय?" आणि मणका-बिणका विसरून तो तरातरा पुढे आला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं टायर पायानं ढकलून दिला, तोच वाकडा ओंडका ठोकळ्यावर ठेवला आणि माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. ओंडका कलंडला. तो सावरायला वाकला आणि कळ आल्यामुळे अर्ध्यातच थांबला. ओठ चावून सरळ झाला. मग कुऱ्हाड दोन्ही हातांनी वर उचलून, ओंडक्यावरची नजर न हलवता, तो म्हणाला, "ताई, धर जरा."

मी हलले नाही.

त्या दिवशीही तो हेच म्हणाला होता. असाच ओंडका तिरका होता, अशीच त्याला घाई होती. मी कपडे वाळत घालत होते. हातातली बादली खाली ठेवून गेले, वाकले, दोन्ही हातांनी ओंडका धरला. मी मध्ये आले नव्हते. मला बोलावलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. कुऱ्हाड अजून खांद्याच्या वर होती. मग आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं असावं. त्याचे हात इतके सावकाश खाली आले की मला वाटलं, कमरेची कळ असेल. ती कळ कमरेची नव्हती.

"काय झालं?" भावजय उठून उभी राहिली. "कोणी बोलेल का?"

"पंचेचाळीस वर्षं मी मूग गिळून गप्प बसले," मी त्याला म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "कारण तू तेव्हा दोन महिने धड जेवला नव्हतास. आईला वाटत होतं, एकीचा डोळा गेला, आता दुसऱ्याचं डोकं जाईल. म्हणून मी मध्ये आले तर आले. पण त्याचा अर्थ असा नाही की कुऱ्हाडीजवळ कोणी उभं राहायचं हे आता तू मला शिकवायचंस."

कुऱ्हाड त्यानं ठोकळ्यावर आडवी ठेवली. मग बायकोकडे वळला. "ती मध्ये आली नव्हती," तो म्हणाला. "मी तिला ओंडका धरायला सांगितलं होतं."

भावजय त्याच्याकडे वळली. "चौतीस वर्षं मी लोकांना भलतंच सांगतेय," ती म्हणाली.

"ताई, तू कधी बोलली का नाहीस?" भावानं विचारलं.

"तू कधी विचारलं का नाहीस?"

नाक पुसून, बर्फाकडे बघत तो म्हणाला, "तरी चल. माझं ऐक. तू इथे एकटी कुऱ्हाड चालवतेयस म्हटल्यावर मला रात्रीची झोप लागणार नाही."

मला तो फार आवडतो. लहानपणापासून आवडतो. पण त्या वेळी मी त्याला तसं सांगितलं नाही.

"मग जागा राहा," मी म्हणाले. "तुझ्या घाईपायी एक डोळा दिला, तुझ्या झोपेसाठी खोटं ऐकून घेतलं. आता घर देणार नाही."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. भाऊ फाटकाकडे बघायला लागला, जणू तिथून कोणी येऊन त्याच्या बाजूनं बोलेल. भावजयीनं पदर खोचला. "मी सांगते त्याला, जायचंय म्हणून," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या दोघांनाच." आणि ती बर्फावर जपून पावलं टाकत निघाली.

मी टायर उचलून पुन्हा ठोकळ्यावर बसवला. नवीन ओंडका घेतला, सरळ बुडाचा. धार टेकवली, मोगरी हातात घेतली. भाऊ अजून तिथेच उभा होता.

"बाजूला हो," मी म्हणाले, आणि तो झाला.