टॉपकोट राहिलाय

मित्रांनो, मी एक जुना, चार लिटरचा, काळ्या ऑइलपेंटचा डबा आहे. माझी कडी एका बाजूने तुटली आहे, अंगावर ओघळ वाळले आहेत आणि माणसांबद्दलचं माझं मत फारसं चांगलं नाही.

कासारवाडीच्या दुकानात माझ्या शेजारी एक फिकट गुलाबी डबा असायचा. त्याला सगळे 'स्किन कलर' म्हणायचे. कोणाची स्किन, हे कोणी विचारलं नाही. दुकानात येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांची तर नव्हतीच. तरी तो नवरदेवासारखा फुगून बसायचा.

मला ज्योतीराम पेंटरने घेतलं. तो चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंटशॉपला आहे आणि सुट्टीला बाहेरची कामं करतो. हात सुरेख, पण माझ्या वाट्याला काय आलं बघा. नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून टांगायचे राक्षस. काळं तोंड, लाल जीभ. मग त्याच्या मुलीच्या, तेजलच्या शाळेत गॅदरिंगला 'आफ्रिकन डान्स' होता. पुठ्ठ्याचे वीस मुखवटे माझ्यातून काळे झाले. जाड लाल ओठ, केसांत हाड. मुलं 'हुंबा हुंबा' करत नाचली आणि पालकांनी कौतुकाने मोबाईल वर धरले. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत. यांना एकच ठाऊक, आणि तोही यांनीच पुठ्ठ्यातून कापलेला.

मुखवटे मात्र एकोणीसच लागले. बाई तेजलला म्हणाल्या, "तुला कशाला गं, तू तशीच चालशील." सगळे हसले. तेजलही हसली. घरी येऊन तिने विसावा मुखवटा माझ्यावर पालथा घातला. दोन वर्षं मी माळ्यावर तसाच पडून होतो.

मग वस्तीतल्या मंडळाने रेल्वे स्टेशनजवळची भिंत रंगवायला काढली. विषय होता, 'आपली वस्ती, आपली माणसं'. एक तुकडा वांजिकूला मिळाला. ती केनियाची, चित्रकलेची विद्यार्थिनी. तीन वर्षं कुशाबाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहून तिचं मराठी खणखणीत झालं होतं. तिने ज्योतीरामकडून मला मागून नेलं.

मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "मॅडम, जरा आफ्रिकन टच येऊ द्या. वाघबिघ काढा."

"दादासाहेब, वाघ आमच्याकडे नसतो. तुमच्याकडे असतो."

"मग सिंह काढा की."

तिने कुशाबाईंचा ओटा काढला. ओट्यावर कुशाबाई आणि शेजारी मेथी निवडणारी ती स्वतः. कुशाबाई बघून म्हणाल्या, "मला येवढी जाडी काढलीस व्हय?"

"नाही मावशी, ओटाच लहान आहे."

स्वतःच्या चेहऱ्यावर तिने तीन दिवस घालवले. रस्त्यात लोक तिला अजूनही 'कुठून आलात' विचारायचे. या भिंतीवर तरी तिला पाहुणी राहायचं नव्हतं. माझ्यात कधी निळा, कधी जांभळा, कधी विटकरी मिसळून तिने गाल, कपाळ, हनुवटी उभी केली. काळ्यात इतके रंग असतात हे मलाच माहीत नव्हतं, आणि मी तर काळा रंगच आहे.

रविवारी अकराला उद्घाटन होतं. वांजिकू मैत्रिणींना आणायला हिंजवडीला गेली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली. इकडे ज्योतीराम मंडळाचं नाव लिहायला आला. चित्र बघून थांबला.

"च्यायला, प्रायमर मारून पोरगी गेली. टॉपकोट राहिलाय."

कंपनीत गाडीच्या पत्र्यावर आधी काळा प्रायमर आणि वर खरा रंग, तोच टॉपकोट. बिचाऱ्याने मदत म्हणून आपल्या पिशवीतला 'स्किन कलर' उघडला. पंधरा मिनिटांत वांजिकू कानांसकट गुलाबी झाली. हात काळेच राहिले, हातमोजे घातल्यासारखे.

"आता कसं उजळलं," दादासाहेब म्हणाले. "तिलाही बरं वाटेल." दिवस मोठा आनंदाचा, अक्कल मात्र सुट्टीवर.

तेवढ्यात तेजल वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन आली.

"पप्पा, हे कोण?"

"वांजिकू. टॉपकोट राहिला होता तिचा."

तेजल चित्राशेजारी गाल नेऊन उभी राहिली. "मग माझा कधी मारणार?"

ज्योतीरामने तिच्याकडे बघितलं, मग ब्रश धरलेल्या स्वतःच्या हाताकडे. तो हात माझ्याच जातकुळीचा. त्याने टर्पेंटाइनचा बोळा केला आणि ओला रंग पुसायला लागला. खालचा वाळलेला होता, म्हणून वाचला. फक्त एक गाल खरवडला.

वांजिकू आली. तिने गुलाबी बोळा बघितला, ज्योतीरामची खाली गेलेली मान बघितली आणि ब्रश तेजलच्या हातात दिला.

"गाल तू भर."

"कुठला रंग घेऊ?"

"तुझाच घे."

तेजलने चमच्याने माझी साय फोडली. तळाला उरलो होतो तेवढा त्या गालाला पुरलो.

भिंतीवरच्या उत्तम चित्राचं बक्षीस शेजारच्या तुकड्यातल्या सिंहाला मिळालं. दादासाहेब भाषणात वांजिकूला 'आपली पाहुणी' म्हणाले. समोरच्या चित्रात ओट्यावर बसलेली ती त्यांना दिसलीच नाही, म्हणजे बघा.

मित्रांनो, आता मी रिकामा आहे. तेजल माझ्यात ब्रश ठेवते. रंग काढून झाला की डब्याचं झाकण घट्ट लावत जा, नाहीतर साय धरते. आणि कोणावर टॉपकोट मारायला निघालात, तर आधी त्यालाच विचारा, काही राहिलंय का.