पांढऱ्या झाकणाचे उंदीर

आता काय म्हणावं याला! संशोधक बाईंनी आकडे तिसऱ्यांदा तपासले, पण ते तसूभर हलले नाहीत. औषध खाणारे निळ्या झाकणाच्या पिंजऱ्यांतले म्हातारे उंदीर आणि साधं खाणं खाणारे पांढऱ्या झाकणाच्या पिंजऱ्यांतले, दोघांच्याही नमुन्यांत तो मेला कायनेज सारखाच गप्प. हा कायनेज म्हणजे पेशींना "वाढा, वाढा" असा निरोप पोचवणारं प्रथिन. तरुणपणी कामाचं, म्हातारपणी त्याला थांबायचं कळत नाही आणि मेंदूपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याची वाट लागते. त्याला आवरणारं औषध बाईंनी सहा वर्षं खपून तयार केलं होतं.

पण साधं खाणाऱ्यांचा कायनेज गप्प कसा? बाई तरातरा पिंजऱ्यांच्या खोलीत गेल्या. तीस वर्षं उंदीर सांभाळणारे काका पाण्याच्या बाटल्या भरत होते.

"काका, पांढऱ्यांना काय खायला घालताय?"

काकांनी मान खाली घातली. "निळे कसे चाकावर पळत होते. पांढरे बिचारे कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. बघवेना. म्हणून गेले तीन महिने निळ्यांच्या खाण्यातलं थोडं थोडं त्यांनाही देतोय."

"अहो, थोडं थोडं काय! कपाळ माझं! त्यांना द्यायचं नाही म्हणून तर ते वेगळे ठेवले होते!"

"एकाला द्यायचं नि दुसऱ्याकडे नुसतं बघत बसायचं, मला नाही जमलं, बाई."

बाईंना काकांचा गळा धरावासा वाटला आणि रडूही आलं. औषध लागू पडत होतं, पण ते सिद्ध करायला औषध न खाल्लेला एकही उंदीर उरला नव्हता. आता नवी पिल्लं आणायची, ती म्हातारी व्हायला दोन वर्षं. माणसांचा विचार त्यानंतर.

तेवढ्यात फोन वाजला. वडील होते. हल्ली ते लेकीचं नाव विसरत, जेवलो की नाही ते विसरत. उंदीर मात्र पक्के लक्षात होते.

"काय गं, उंदीर बरे झाले का?"

"झाले, बाबा."

"मग मला कधी देणार?"

बाईंनी पांढऱ्या झाकणांकडे पाहिलं. "अजून दोन वर्षं तरी थांबावं लागेल."

"दोनच ना? थांबतो की!" आवाज खुशीत होता. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण आपण कोण बोलताय?"